अर्धा तास कोणाचा?

"मूल झोपलं की कर ना तुझं ते लिहिणं," हा सल्ला घरात पाळणा हललेल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. तो देणाऱ्याच्या घरी एकतर लहान मूल नसतं, किंवा असलं तर त्याला झोपवायचं काम दुसऱ्या कोणाकडे असतं. ज्याने झोपवलंय त्याला ठाऊक असतं, की साडेनऊला सुरू झालेलं प्रकरण 'पाणी हवं', 'शू आली', 'अजून एकच गोष्ट' अशा वळणांनी साडेदहापर्यंत जातं आणि मुलाच्या पाच मिनिटं आधी आपलाच डोळा लागतो. साडेअकराला दचकून जाग येते तेव्हा ओट्यावर भांडी पडलेली असतात, दूध फ्रीजमध्ये जायचं असतं, सकाळच्या डब्याची भाजी निवडायची असते. त्या घडीला पेटी उघडावी, वही काढावी, कुंचला भिजवावा, ही अपेक्षा म्हणजे निव्वळ चेष्टा आहे.

दुसरा लाडका सल्ला पहाटे चारला उठण्याचा. त्याच्या जोडीला टोनी मॉरिसनचं नाव हमखास येतं, आणि उदाहरण खोटं नाही. रँडम हाऊसमध्ये संपादकाची नोकरी, घटस्फोट झालेला, पदरात दोन मुलगे, अशा दिवसांत ही अमेरिकन कादंबरीकार उजाडायच्या आत उठून लिहायची. 1970 साली तिची पहिली कादंबरी आली, 1993 साली नोबेल मिळालं. पण पहाटेचा मार्ग ज्यांचं मूल रात्री सलग झोपतं त्यांच्यासाठी आहे. रात्रीत दोनदा उठून दूध पाजणाऱ्या बाईने, किंवा खांद्यावर बाळ टाकून गॅलरीत येरझारा घालणाऱ्या बापाने वर पहाटेचा गजरही लावला, तर आठवडाभरात घरात आजारपण आणि भांडण दोन्ही शिरतं. स्वतःला सलग सहा तासांची झोप पुन्हा मिळू लागेपर्यंत पहाटेचं नावही काढू नये.

मग वेळ येणार कुठून? माझं मत सरळ आहे: तो घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडून येतो. शिस्त, वेळापत्रक, मोबाइल लांब ठेवणं हे सगळं त्यानंतरचं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामातली रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. शिवाय ही सरासरी ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला त्यांचीच. असं काही काम केलेल्या बायका 81.2 टक्के होत्या आणि पुरुष 26.1 टक्के. दिवसाचे चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. एकाच घरात, एकाच छताखाली ते सारखे मिळत नाहीत.

शिस्तीचा महामेरू म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अँथनी ट्रोलपचीच गोष्ट पाहा. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा आणि मग कामावर जायचा. त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. घरात दोन मुलगेही होते. आत्मचरित्रातला हा पाव तासाचा हिशेब सगळे सांगतात, पण त्याच आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलेली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. त्याला रोज उठवायला आणि कॉफी आणून द्यायला घोड्यांची निगा राखणारा एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे ट्रोलप त्याला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा आणि आपल्या यशाचं श्रेय इतर कोणाहीपेक्षा त्याचं जास्त असेल, असं मोकळेपणाने कबूल करायचा. दोन मुलांना सकाळी कोण उठवत होतं, त्याचा उल्लेख त्या हिशेबात येत नाही.

तेव्हा पहिलं काम घरात बसून बोलण्याचं. "मला जरा स्वतःसाठी वेळ हवाय" असं मोघम बोललात तर "घे ना, कोण नको म्हणतंय?" एवढंच उत्तर मिळेल आणि विषय तिथे संपेल. मागायचं ते वार आणि वेळ धरून मागावं. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते नऊ. त्या तासात मूल कोणाकडे, जेवण कोण वाढणार, दाराची बेल कोण बघणार, हे आधीच ठरावं. आणि बदल्यात दुसऱ्यालाही असेच दोन तास मिळावेत, मग त्यात तो तबला वाजवो नाहीतर कॅरम खेळायला जावो. एकतर्फी सवलत महिनाभर टिकते, अदलाबदल टिकून राहते.

ठाण्यातलं एक घर मी जवळून पाहिलंय. ती बँकेत, तो सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगा पाच वर्षांचा. ती कथा लिहिते. मंगळवार-शुक्रवारचा तास ठरला आणि ती बेडरूमचं दार लावून बसली. पहिल्या आठवड्यात दार दर दहा मिनिटांनी वाजायचं. "आई, बाबाला माझा पांढरा टी-शर्ट सापडत नाहीये." "आई, मुगाची डाळ कुठल्या डब्यात?" आतून उत्तर द्यायचं नाही, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. रक्त आलं, ताप आला किंवा गॅसचा वास आला तर हाक मारायची, एरवी नाही. पहिल्या शुक्रवारी खिचडीत मीठ नव्हतं. ती तिने मुकाट्याने खाल्ली, आणि मला विचाराल तर त्या संपूर्ण व्यवहारातली तिची सर्वांत मोठी कामगिरी हीच. तिने "बघ, तुला जमत नाही" म्हटलं असतं, किंवा उठून फोडणी घातली असती, तर तो तास त्याच रात्री परत स्वयंपाकघरात गेला असता. महिन्याभरात नवऱ्याला डाळीचा डबा कळला, मुलाला टी-शर्टचा कप्पा कळला. आता दार वाजत नाही असं नाही, पण कमी वाजतं.

घरात दुसरं मोठं माणूस नसेल, किंवा ते परगावी नोकरीला असेल, तर मार्ग निराळे. आजी-आजोबा जवळ असतील तर त्यांच्याकडेही वेळ नेमका मागावा आणि मुख्य म्हणजे नेमक्या वेळी परत यावं. "तासाभरात येते" म्हणून अडीच तासांनी उगवलात तर पुढच्या वेळी त्यांचे गुडघे दुखणार, आणि ते खरंच दुखत असतात. सोसायटीत मुलाच्या वयाचं मूल असलेलं एखादं घर बघून अदलाबदल करता येते: शनिवारी चार ते सहा दोन्ही मुलं तुमच्याकडे, रविवारी त्यांच्याकडे. दोन मुलं एकमेकांत रमतात, त्यामुळे तुमची पाळी असते तेव्हाही काम दुप्पट होत नाही. आणि हातात थोडे पैसे असतील तर माझा कौल पोळ्यांना बाई लावण्याला आहे. ऑनलाइन लेखनवर्ग, महागडी रंगपेटी, नवा लॅपटॉप या सगळ्यांपेक्षा सकाळच्या वीस पोळ्या दुसऱ्याने लाटलेल्या जास्त उपयोगी पडतात. मात्र त्यातून सुटलेला अर्धा तास धुण्याच्या घड्या घालण्यात जाऊ द्यायचा नाही, ही अट.

आता वेळ मिळाला असं धरू. त्यात होतं किती, हे एकदा कागदावर मांडून बघावं, म्हणजे हुरूप येतो. आठवड्याला चार वेळा अर्धा तास धरला तर वर्षाला दोनशेच्या वर बैठका होतात. सर्दीखोकला, गणपती, सहामाही, लग्नकार्यं आणि कंटाळा यांत निम्म्या बुडाल्या असं समजा. उरल्या शंभर. एका बैठकीत दोनशे शब्द म्हटले तरी वर्षअखेर वीस हजार शब्द होतात, म्हणजे दिवाळी अंकात बसतील अशा सहा-सात कथा. शंभर बैठकांत एखादा राग घरगुती मैफिलीत मांडण्याइतका अंगवळणी पडू शकतो.

हिशेब जुळतो, पण कामाचा आकार वेळेच्या आकाराला बेतला तरच. इथे रेमंड कार्व्हरचं ऐकण्यासारखं आहे. या अमेरिकन कथाकाराचं लग्न विशीच्या आत झालं, लगोलग दोन मुलं झाली आणि मिळेल ती कामं करत संसार ओढावा लागला. एकदोन बैठकांत हातावेगळं होईल असंच लिहायचं, म्हणून आपण कथा आणि कवितांकडे वळलो, असं त्याने पुढे एका निबंधात स्पष्ट सांगितलं. मुलांमुळे लेखनाची कशी ओढाताण झाली हेही त्यात इतक्या कडवटपणे आलंय, की वाचताना अवघडायला होतं. पण त्याची छोटी, आटोपशीर कथाच पुढे अनेकांनी गिरवली. आपल्याकडे कवयित्री इंदिरा संतांच्या संग्रहांची वर्षं बघा. 1946 साली पती गेले. तीन लहान मुलं, बेळगावात शिक्षक प्रशिक्षणाच्या संस्थेतली नोकरी, आणि 'शेला' 1951 साली, 'मेंदी' 1955, 'मृगजळ' 1957. कविता हा प्रकार छोटा म्हणून सोपा ठरत नाही, पण ती मनात घेऊन फिरता येते, हे खरं.

कादंबरीच लिहायची असेल तर लिहावीच, पण प्रसंगाप्रसंगाने, एका बैठकीत एक प्रसंग. चित्रकारांनी मूल मोठं होईपर्यंत तैलरंग कपाटात ठेवलेले बरे. टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत मुलाला चांगला नाही आणि रंग वाळेपर्यंत त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. जलरंगाची छोटी पेटी, हातात मावेल अशी वही आणि एक पेन, एवढ्यावर दोन वर्षं उत्तम निभावतं. गाणाऱ्यांनी अख्खा राग मांडायचा हट्ट सोडून आठवडाभर एकच पलटा किंवा एकाच बंदिशीचा अस्थायी-अंतरा धरावा. तंबोरा गवसणीतून काढून जुळवण्यात दहा मिनिटं जातात. अर्ध्या तासातली दहा मिनिटं म्हणजे फार झाली, तेव्हा रोजच्या रियाजाला मोबाइलमधला तानपुरा चालवून घ्यावा. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्यावं. पेटी मात्र उघडी, हाताला येईल अशी असावी, नुसती पलंगाखालून ओढून काढायच्या कंटाळ्याने कितीतरी रियाज बुडतात.

सगळ्यांत कठीण आहे ते हौशी नाटकवाल्यांचं. तालमी संध्याकाळी आठ ते साडेदहा, म्हणजे नेमक्या मुलाच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेला. कोणी कामावरून येतं, कोणी कॉलेजातून, त्यामुळे कामाच्या दिवशी ती वेळ बदलणं कोणाच्याच हातात नसतं. राज्य नाट्य स्पर्धेची तारीख जवळ आली की रोज तालीम. लग्नानंतरही टिकलेल्या कितीतरी चांगल्या नट्या मूल झाल्यावर रंगमंचावरून गायब होतात, आणि त्याच संचातले बाप झालेले नट मात्र तालमीला वेळेवर हजर असतात. इथे संस्थेनेच विचार करायला हवा. मधल्या दोन वर्षांत भूमिका मिळाली नाही तरी माणूस संचात राहील अशी कामं असतात. वेशभूषा घरी बसून करता येते. संहितेचं पहिलं वाचन रविवारी सकाळी ठेवता येतं आणि तिथे मुलांना आणायला हरकत नसावी. अभिवाचनाचे कार्यक्रम तर अशा काळासाठीच आहेत: तालमी थोड्या, पाठांतर नाही, प्रवास कमी. तुम्ही स्वतः नाट्यसंस्था चालवत असाल तर आठवड्यातली एक तरी तालीम शनिवारी दुपारी ठेवून बघा, कोण कोण परत येतं ते.

घराबाहेर एक मोठा साठा पडून असतो, तो म्हणजे मुलांच्या क्लासबाहेरचा तास. अबॅकस, पोहणं, कराटे, बुद्धिबळ, चित्रकला. आठवड्याला दोन-तीन तास आईबाप प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून कोणाच्या मुलाला किती मार्क मिळाले याची चर्चा करतात किंवा फोन चाळतात. तिथे स्वयंपाकघर नाही, धुणं नाही, बेल नाही. इतका निर्वेध तास घरात सहा महिन्यांतून एकदा मिळत नाही. दारामागे एक पिशवी अडकवून ठेवावी, तीत वही, दोन पेनं, इयरफोन. फोनवर शाळा, क्लास आणि घर एवढेच नंबर वाजतील अशी सोय करता येते, ती करावी. पहिल्या दोन वेळा बाकीचे पालक विचारतील, "काय, ऑफिसचं काम का?" हो म्हणून मोकळं व्हावं.

प्रत्येक कलेत अशा जागी करण्याजोगं काहीतरी असतंच. तबलजीला पढंत करता येते: बोल मनात म्हणायचे आणि मांडीवर हलक्या हाताने टाळी-खाली धरायची. रूपकच्या सात मात्रांत तिहाई कुठून उचलली म्हणजे समेवर येते, हे तबला समोर नसताना जास्त स्वच्छ कळतं. गाणाऱ्याने एकच ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलेखन करावं. चित्रं काढणाऱ्याला क्लासच्या दाराबाहेर पडलेल्या वीस जोडी चपला पुरतात. एक उलटी, एकीचा पट्टा तुटलेला, एक पायातून भिरकावल्यासारखी लांब जाऊन पडलेली. यापेक्षा चांगला अभ्यासविषय विकत मिळणार नाही.

हात कामात आणि डोकं मोकळं, हीसुद्धा एक वेळ आहे आणि आपल्या बायकांनी ती शतकानुशतकं वापरलीय. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. पहाटेचे कष्ट वाचले हे उत्तमच झालं, पण त्यासोबत ओव्या रचायची ती जागाही गेली. बहिणाबाई चौधरींनी शेतात आणि घरात काम करता करता गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती वेळोवेळी टिपून घेतली, म्हणून 1952 साली, त्या गेल्यानंतर वर्षभरात, ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. या गोष्टीकडे बघून 'काम करता करता सगळं जमतं' असा सोयीस्कर निष्कर्ष कोणी काढू नये. बहिणाबाईंना आणखी वेळ मिळाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला जास्त छळतो. आपल्या कामाचा धडा इतकाच, की सुचलेलं लगेच टिपलं गेलं पाहिजे. भांडी घासताना ओळ सुचली तर हात पुसून फोनवर बोलून ठेवावी. आता मराठीत बोललेलं फोन बऱ्यापैकी टंकून देतो, चुका नंतर सुधारता येतात. "रात्री लिहीन" म्हटलेली ओळ रात्री सापडत नाही.

तुकड्यातुकड्याने काम करताना खरी अडचण वेळेच्या लांबीची नसते. मंगळवारी सोडलेलं काम शुक्रवारी हातात घेतलं, की आपण कुठे होतो हे आठवण्यातच पंधरा मिनिटं जातात. यावर ठाण्याच्या त्या मैत्रिणीची युक्ती मला फार आवडते. ती मुलाच्या गेल्या वर्षीच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते. खाकी कव्हर, लेबलवर मुलाचं नाव आणि तुकडी तशीच. प्रत्येक बैठकीची शेवटची ओळ 'पुढे' या शब्दाने सुरू होते. मी पाहिलेल्या एका पानाखाली होतं, "पुढे: काकू दार उघडते, पण साखळी काढत नाही." पुढच्या वेळी तिला विषय शोधावा लागत नाही, साखळीपासून सुरू करायचं असतं. वेळ संपायच्या तीन मिनिटं आधी हात थांबवून ही ओळ लिहायचीच. लिखाण रंगात आलेलं असताना थांबणं जिवावर येतं, पण पुढच्या बैठकीला बसवायचं काम तोच रंग करतो. गाणाऱ्यानेही पेटीवर एक चिठ्ठी ठेवावी: आज कुठला पलटा, कुठल्या लयीत, कुठे अडलं.

मुलाच्या वयाप्रमाणे बेत बदलत राहणार. पहिलं वर्ष मिळवण्याचं नव्हे, टिकवण्याचं. ऐकावं, वाचावं, चार शब्द टिपावेत, त्याहून जास्त मागणी स्वतःकडे करू नये. बाळंतपणानंतर कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, झोप येत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो आळस नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं. दोन-तीन वर्षांचं मूल हे सर्वांत खट्याळ प्रकरण, वही फाडणारं, पेटीच्या पट्ट्यांवर उभं राहणारं. त्याच्यासमोर काम करायचा प्रयत्न सोडा, त्या काळात वेळ फक्त त्याच्यापासून लांब मिळतो. चार वर्षांपुढे मात्र शेजारी बसवून काम जमायला लागतं. त्याचा कागद वेगळा, रंग वेगळे, आणि वाळूचं घड्याळ किंवा गजर समोर: "हे वाजेपर्यंत आपण दोघंही आपापलं करतोय." आधी दहा मिनिटं, मग वीस. मधे मूल "बघ ना" म्हणून चित्र दाखवेल, ते बघावं आणि पुन्हा आपल्या कागदाकडे वळावं.

शाळा सुरू झाली की घराचं घड्याळ शाळा ठरवते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं राज्य शासनाने 2024 साली सांगितलं. ज्या शाळांनी ते पाळलं तिथल्या आईबापांच्या सकाळी बदलल्या. कोणाला शांत सकाळ मिळाली, तर कोणाची मूल शाळेत गेल्यानंतरची आणि ऑफिसच्या आधीची फट नाहीशी झाली. दर जूनला नवं वेळापत्रक हाती आलं, की आपला तासही नव्याने बसवावा. गेल्या वर्षीचा मंगळवार यंदा फुटबॉलचा असू शकतो. दहावीच्या वर्षाचा बाऊ करून गाणं, नाटक सगळं बंद ठेवणारी घरं मी बघते. दहावीच्या मुलाला आईबापाने चोवीस तास समोर बसून राहण्याची गरज नसते, उलट त्याला जरा मोकळं सोडलेलं हवं असतं.

खंड पडणारच. कांजिण्या, बदली, सासऱ्यांचं ऑपरेशन, महिना-दोन महिने सहज जातात. अशा खंडानंतर बहुतेक जण एक घोडचूक करतात: बुडालेलं भरून काढायला रविवारी सलग चार तास बसायचं ठरवतात. तो रविवार कधीच येत नाही. परत सुरू करताना पंधराच मिनिटं बसावं आणि काहीतरी सोपं करावं, जुना मजकूर नुसता स्वच्छ उतरवून काढला तरी चालेल. आणि त्या महिन्यांची घरात कोणाकडे कुरकूर करू नये, त्याने वेळ परत मिळत नाही, समोरचा मात्र चिडतो.

बाहेरची तारीख असली की घरातला तास टिकतो, हा अनुभव सगळ्यांचाच असावा. नुसतं "मी गाते" म्हटल्यावर पाहुणे आल्यास तास रद्द होतो. "माझी मध्यमाची परीक्षा आहे" म्हटल्यावर होत नाही, परीक्षेला मराठी घरात अजून मान आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात, त्यांना वयाची वरची अट नाही आणि केंद्रांवर चाळिशी-पन्नाशीचे परीक्षार्थी सर्रास दिसतात. लिहिणाऱ्यांसाठी दिवाळी अंक आहेत. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी येणारी ही तारीख आहे. मात्र साहित्य पाठवायची मुदत पावसाळ्यातच संपते, म्हणून कथा मे महिन्याच्या सुट्टीआधी अर्धी तरी झालेली बरी. यातलं काहीच नको असेल तर चार मैत्रिणींची किंवा मित्रांची महिन्यातून एकदा भिशी करा, पैशांऐवजी प्रत्येकाने काहीतरी नवं वाचून, गाऊन किंवा दाखवून जायचं. रिकाम्या हाताने आलेल्याने भजी तळायची.

राहता राहिली ती मनाची टोचणी: मुलाला सोडून मी दार लावून बसते. आठवड्यातले दोन तास बाबाकडे किंवा आजीकडे राहिलेलं मूल सोडलेलं नसतं. त्याला आईबापांचा डाळीच्या डब्याबाहेरचा चेहराही कळतो. इंदिराबाईंचा मुलगा प्रकाश भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि त्याने लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहिल्या. सगळ्याच लिहित्या आयांची मुलं लिहितील असं नाही, ती लिहावीत अशी गरजही नाही.

शेवटी हा लेख वाचणाऱ्या बापमंडळींना एक विनंती. तो बायकोला व्हॉट्सअॅपवर पाठवून "बघ, छान लिहिलंय" म्हणून मोकळे होऊ नका. पाठवायचाच असेल तर खाली दोन वार आणि वेळ लिहून पाठवा, मूल माझ्याकडे असंही लिहा, आणि त्याआधी डाळीचा डबा कुठे आहे ते बघून ठेवा.